एका आठवड्याचे दीड हजार डॉलर: भाचीच्या रनिंग कॅम्पचा निर्णय

मार्च 2025 मधल्या एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. "अरे, एका डिव्हिजन वन कॉलेजच्या कोचची ईमेल आलीय आपल्या पोरीला. उन्हाळ्याच्या रनिंग कॅम्पला बोलावलंय. फी जरा जास्त आहे, पण असली संधी पुन्हा येते का?"

भाची तेव्हा सोळा वर्षांची, न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीला होती. शाळेच्या क्रॉस कंट्री संघात तिचा पाचवा नंबर. शर्यतीत संघातून सात जणी धावतात, पण गुण पहिल्या पाच जणींचेच धरतात, त्यामुळे पाचवीच्या पायांवर अख्ख्या संघाचा निकाल ठरतो. पाच किलोमीटरची तिची सगळ्यात चांगली वेळ 20 मिनिटं 14 सेकंद आणि ट्रॅकवर सोळाशे मीटरची 5 मिनिटं 31 सेकंद. मुलगी चिकाटीची आहे. आदल्या सप्टेंबरात मात्र नडग्या दुखायला लागल्या आणि हंगामाचे तीन आठवडे घरी बसावं लागलं, ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

मी त्यांच्यापासून चाळीस मिनिटांवर राहतो आणि एका वेगळ्या शाळेच्या संघाला नऊ वर्षं मदतनीस कोच म्हणून हातभार लावतोय. दर वसंतात एखादे तरी आई-बाबा मला हाच प्रश्न विचारतात. या वेळी प्रश्न घरातलाच होता, म्हणून कागदपत्रं, आकडे, बोलणी सगळं टिपून ठेवलं. ज्यांच्या घरी आज अशीच ईमेल येऊन पडली असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत उन्हाळ्यात कॉलेजांची वसतिगृहं रिकामी असतात. तिथले कोच जुलैच्या सुमाराला हायस्कूलच्या मुलामुलींसाठी पाच-सहा दिवसांचा निवासी कॅम्प घेतात. खेळासाठी कॉलेजांच्या तीन पातळ्या असतात, सगळ्यात वर डिव्हिजन वन आणि शेवटी डिव्हिजन थ्री. सकाळी एक रन, दुपारी ड्रिल, व्यायाम आणि आहार-झोपेवरची व्याख्यानं, संध्याकाळी आणखी एक छोटा रन किंवा खेळ. कॉलेजच्या संघातले धावपटू गटप्रमुख असतात. शाळांचा क्रॉस कंट्रीचा हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो, म्हणजे कॅम्प बरोबर पाया घालायच्या दिवसांत येतो.

ती ईमेल

ताईने ईमेल मला पाठवली. मजकूर छान होता. मुलीचं नाव, शाळेचं नाव, 'तुझी प्रगती आम्ही पाहतोय' असं एक वाक्य, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांचे फोटो आणि खाली नोंदणीची लिंक. ताई आणि भावोजींनी त्याचा अर्थ असा घेतला की कोचने पोरगी हेरली आहे, कॅम्पला गेली की ओळख होईल, ओळख झाली की प्रवेश आणि स्कॉलरशिप.

हा समज मला आधी दूर करावा लागला, आणि ते करताना वाईट वाटलं. एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, तिचा नियम असा आहे की कॉलेजने घेतलेला खेळाचा कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. मर्यादा घालायची तर फक्त संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढ्यावरच. कोचला 'फक्त निवडलेल्यांचा' कॅम्प घेताच येत नाही. जो फी भरेल आणि जागा असेल तोवर नाव नोंदवेल, त्याला प्रवेश.

दुसरी गोष्ट तारखेची. डिव्हिजन वनच्या क्रॉस कंट्री कोचला एखाद्या मुलीशी कॉलेजच्या संघातल्या भरतीबद्दल बोलायला दहावी संपल्यावरच्या 15 जूनपासून परवानगी असते. कॅम्पचं माहितीपत्रक मात्र त्याआधी कधीही पाठवता येतं. मार्चमध्ये आलेली ईमेल म्हणजे माहितीपत्रक, बाकी काही नाही. खरोखर रस असेल तर 15 जूननंतर थेट फोन किंवा मेसेज येतो आणि त्यात नोंदणीची लिंक नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकन फुटबॉल किंवा सॉकरमध्ये मुलगा मैदानावर कसा हलतो, कसा विचार करतो हे कोचला डोळ्यांनी पाहावं लागतं. धावण्यात घड्याळ बोलतं. प्रत्येक शर्यतीचा निकाल नावासकट इंटरनेटवर असतो आणि कोच तोच चाळून मुली शोधतात. मोठ्या डिव्हिजन वन संघांना सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात धावणाऱ्या मुली हव्या असतात. 5:31 आणि 5:00 यांच्यात अर्धं मिनिट आहे, आणि ट्रॅकवर अर्धं मिनिट म्हणजे दीडशे मीटरचं अंतर. सहा दिवस कोचच्या समोर धावून ते भरून निघत नाही.

भावोजी म्हणाले, "पण स्कॉलरशिप अर्धी जरी मिळाली तरी कॅम्पची फी किस झाड की पत्ती." हिशेब म्हणून बरोबर आहे, पण मिळण्याची शक्यता त्यात धरावी लागते. तोवर डिव्हिजन वनमध्ये महिलांच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्री मिळून एका कॉलेजला 18 स्कॉलरशिप देता येत. त्यात धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, गोळा-थाळी फेकणाऱ्या सगळ्या आल्या, आणि बहुतेक मुलींना तुकड्या-तुकड्यांनीच वाटणी व्हायची. पुढे त्याच जूनमध्ये, खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्या जागी संघाच्या संख्येची मर्यादा आली: क्रॉस कंट्रीला 17 जणी. पूर्वी स्कॉलरशिप नाही तरी निदान संघात जागा मिळायची, तीही आता मोठ्या ठिकाणी आवळली आहे. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. जी मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर किंवा काही ठिकाणी अभ्यासावर.

एवढं ऐकून ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग जायचंच कशाला?" मी म्हटलं, तो प्रश्न अजून उघडा आहे. भरतीसाठी जायचं नाही, एवढंच आज ठरलं.

हिशेब

भावोजींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली आणि खर्च मांडला. फी 845. विमान 412. विमानतळावरून कॅम्पसची शटल 70. नवे बूट 140. डॉक्टरांचं तपासणीचं पत्र 40. हातखर्चाला 60. एकूण 1,567 डॉलर.

यातले बूट आणि तपासणी मी खोडायला लावली. बूट तिला जूनमध्ये लागणारच होते, आणि न्यू जर्सीत शाळेच्या संघात खेळायला दरवर्षी डॉक्टरांची तपासणी करावीच लागते. जो खर्च कॅम्प नसता तरी झालाच असता तो कॅम्पच्या नावावर टाकू नये, नाहीतर तुलना बिघडते. उरले 1,387.

दुसरा पर्याय मी सुचवला: गाडीने तीन तासांवरच्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजचा पाच रात्रींचा कॅम्प. फी 540, दोन फेऱ्यांचं पेट्रोल आणि टोल मिळून 90, हातखर्च 40. एकूण 670. फरक 717 डॉलरचा. हे वरचे 717 नेमके कशासाठी, हा खरा प्रश्न होता.

मोठ्या कॅम्पच्या माहितीपत्रकात डोंगरातल्या उंचीचा फार गवगवा होता. ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फुटांवर. उंचीचा फायदा होतो हे खरं. त्यासाठीच मोठे धावपटू सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफला जाऊन राहतात. पण विरळ हवेमुळे रक्तातल्या लाल पेशी वाढायला साडेसहा हजार फुटांच्या वरची उंची आणि तिथला तीन-चार आठवड्यांचा मुक्काम लागतो. साडेतीन हजार फुटांवर सहा दिवसांत मिळते ती थंड हवा. जर्सीच्या जुलैतल्या चिकट उकाड्यातून सुटलेल्या मुलीला ती सुखाची वाटेल, यात शंका नाही. ऑगस्टमध्ये मात्र तिला याच उकाड्यात धावायचं होतं, आणि शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

उरलेला फरक होता नावाचा: मोठं विद्यापीठ, चकचकीत ट्रॅक, पोस्टरवरचे खेळाडू. सोळाव्या वर्षी ते पाहून स्फूर्ती मिळते, मी ती कमी लेखत नाही. पण घरात धाकटा आहे, त्याचेही वर्ग आहेत, आणि ताई-भावोजींना 717 डॉलर सहज सुटणारे नव्हते.

तिसरा पर्याय, म्हणजे कॅम्पच नको, हाही आम्ही गंभीरपणे धरला होता. त्या बाजूने माझं मत तेव्हा बरंच झुकलं होतं. एक आठवडा धावून कोणी वेगवान होत नाही. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढणं, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढणं हे आठवड्यांचं, महिन्यांचं काम आहे. 'पी हळद अन् हो गोरी' इथे चालत नाही. उलट नुकसान मात्र एका आठवड्यात होऊ शकतं: घरी आठवड्याला अठरा मैल धावणारी मुलगी कॅम्पात इतरांच्या नादाने चाळीस धावते, फुप्फुसं आणि हृदय ते झेपवतात, हाडं झेपवत नाहीत. हाड सगळ्यात सावकाश मजबूत होतं. जुलैतल्या कॅम्पहून परतलेल्या आणि ऑगस्टमध्ये नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा घेऊन बसलेल्या मुली मी आमच्या संघात पाहिल्या आहेत.

कालव्याकाठी

माझं मत बदललं ते एप्रिलमधल्या एका शनिवारी. भाचीने विचारलं, "मामा, माझ्याबरोबर येशील धावायला?" आम्ही किंग्स्टनला गाडी लावली आणि डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठची वाट धरली. बारीक खडीची सपाट वाट, एका बाजूला संथ पाणी, वाळत पडलेल्या ओंडक्यांवर ओळीने कासवं. सुरुवातीला ती बोलत होती, मग दोन मैलांनंतर गप्प झाली. तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. उजवं पाऊल जरा जास्त आपटत होतं.

तीन मैलांवर एक लाकडी पूल लागतो. तिथे तिचा वेग आपोआप कमी झाला, वळायला निघाली. मी म्हटलं, "आज पाच जाऊन मग वळायचं ठरलं होतं ना?"

ती थांबली. "मी नेहमी इथेच वळते मामा. घरून निघताना पाचचं ठरवून निघते, पण इथे आल्यावर वाटतं कोण बघतंय. गेल्या उन्हाळ्यात पूर्ण जुलै मी एकटी धावले. मग धावलेच नाही."

घरी आल्यावर तिने वही दाखवली. गेल्या जून महिन्यात रोज नोंद होती, सुवाच्य अक्षरात. जुलैत दिवसाआड. पुढे चार पानं कोरी. मग 19 ऑगस्टला, संघाच्या सरावाच्या पहिल्या दिवशी, एकदम '6 मैल, टेकड्या' आणि त्या आठवड्याची बेरीज 31. त्याखाली पंधरा दिवसांनी एकच शब्द: 'नडगी'.

त्या वहीत सगळं प्रकरण होतं. तिला तंत्र शिकवणारा माणूस नको होता, शाळेची कोच चांगली आहे. तिला उंची नको होती, पोस्टर नको होतं. तिच्याकडे नव्हतं ते एवढंच: जुलैमध्ये बरोबरीने धावणारं कोणीतरी. शाळेच्या संघाने उन्हाळ्यात आपापसात भेटायचं ठरवलं होतं, पण पहिल्या भेटीला तिघी, दुसऱ्या भेटीला ही एकटी.

मग प्रश्न असा बदलला: पाच दिवसांच्या सोबतीतून उरलेल्या सात-आठ आठवड्यांची सोबत तयार होईल का? तसं होणार असेल तर पैसे वसूल. नाहीतर नव्याचे नऊ दिवस, इथे तर पाचच.

रक्ताची चिठ्ठी

तपासणीला जाताना मी ताईला सांगितलं होतं की डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचार. घर शाकाहारी, पोरगी वाढीच्या वयाची, रोज धावणारी, दर महिन्याची पाळी. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही तो तळाला गेलेला असू शकतो. तिचा आकडा आला 13. पंधराच्या खाली म्हणजे साठा संपल्यातच जमा. "मला वाटायचं मी आळशी झालेय," असं ती म्हणाली तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक साधी गोष्ट सांगितली: गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, संत्र्याच्या रसाबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. ही मुलगी रोज सकाळी चहा-चपाती खाऊन धावायला जायची. तो चहा तासाभराने पुढे गेला. डॉक्टरांनी पाळी नियमित आहे का, जेवण पुरेसं आहे का हेही खोदून विचारलं. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची हाडं आणि पाळी दोन्ही बिघडतात; आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या प्रकाराला 'रेड-एस' असं नावच दिलंय. सुदैवाने तिचं तसं काही नव्हतं.

कॅम्पचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला मी हे आधी सांगतो. कॅम्पची फी भरण्याआधी ही रक्ततपासणी करा. तळाला गेलेलं लोह घेऊन जगातल्या सर्वोत्तम कॅम्पला पाठवलंत तरी मुलगी शेवटच्या गटात दमून चालत येईल आणि स्वतःलाच दोष देत परतेल.

फोन

आम्ही ठरवलं की दोन्ही कॅम्पना फोन तिनेच करायचा. ताईला हे आधी पटलं नाही, "तिला काय कळतंय त्यातलं." पण जी मुलगी फोन करून विचारू शकत नाही, ती तिसऱ्या दिवशी पाय दुखतोय हेही गटप्रमुखाला सांगू शकणार नाही. प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहिले. गट वेगावर पाडता की आठवड्याच्या मैलांवर? एका गटप्रमुखाकडे किती मुली? पाय दुखला तर कॅम्पसवर अॅथलेटिक ट्रेनर असतो का? मुख्य कोच किती दिवस हजर? रात्री वसतिगृहात कोण असतं आणि त्यांनी सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडू मुलांशी होणारं गैरवर्तन रोखण्याचं, प्रशिक्षण घेतलंय का? जाण्याआधी दुखापत झाली तर पैसे परत मिळतात का?

मोठ्या कॅम्पकडून उत्तरं ईमेलने आली. गट वेगावर, अडीचशे मुलंमुली, मुख्य कोच 'वेळापत्रकानुसार' उपस्थित, पैसे जूननंतर परत नाहीत. छोट्या कॅम्पला तिने फोन लावला तर खुद्द कोचनेच उचलला. नव्वद मुलं. गट आठवड्याच्या मैलांवर. आणि त्यांनी उलट विचारलं, "तू सध्या आठवड्याला किती धावतेस?" तिने सांगितलं वीस. ते म्हणाले, "कॅम्पला येण्याआधीचे तीन आठवडे अठ्ठावीसला पोच, म्हणजे इथे काही जास्तीचं वाटणार नाही. नाही पोचलीस तर मला सांग, मी तुला खालच्या गटात ठेवेन. लाजायचं नाही."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हसत होती. निर्णय तिथेच झाला असं म्हणायला हरकत नाही.

तरी आम्ही अटी लिहिल्या. एक, जूनअखेरीस दुखण्याशिवाय सलग तीन आठवडे अठ्ठावीस मैल. ते जमलं नाही तर जायचं नाही, पैसे बुडाले तरी चालतील. दोन, शाळेतली निदान एक मुलगी बरोबर हवी. मला ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटत होती, कारण परत आल्यावर कालव्याकाठच्या त्या लाकडी पुलावर कॅम्पातल्या मैत्रिणी नसणार, शाळेतल्याच असणार.

दुसरी अट पूर्ण करायला तिने दोन आठवडे खपून मैत्रिणींना पटवलं. तयार झाल्या दोघी. एकीच्या घरी फी जड होती. कोचला विचारल्यावर कळलं की त्यांच्याकडे गरजेनुसार सवलत आहे, फक्त ती माहितीपत्रकात लिहिलेली नाही. सवलत जवळपास निम्मी मिळाली. विचारायला संकोचू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. आपल्याकडे पैशाबद्दल विचारणं कमीपणाचं मानतात आणि मुलं घरी बसतात.

कॅम्प आणि नंतर

जुलैच्या मध्याला तिघी गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला मेसेज आला: 'उजवी नडगी घट्ट वाटतेय. मी सांगितलं. उद्या सायकल आणि खालचा गट.' तो मेसेज मी आजवर पुसलेला नाही. आदल्या वर्षी हीच मुलगी पंधरा दिवस दुखणं लपवत धावली होती. चौथ्या दिवशी तिने सायकल मारली, पाचव्या दिवशी हळू चार मैल, आणि घरी आली ती धडधाकट.

परतल्यावर शनिवारची भेट सुरू झाली. पहिल्या शनिवारी कालव्यावर चौघी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सात. कॅम्पात शिकलेली एक साधी पद्धत त्यांनी आणली होती: सगळ्या एकत्र निघायचं, वीस मिनिटांनी सगळ्या एकत्र वळायचं, मग ज्या जोरात त्या पुढे जाऊन थोडं मागे परत येतात. कोणी मागे एकटी पडत नाही. भाचीची वही जुलै-ऑगस्टमध्ये एकही पान कोरं न सोडता भरली.

हंगामात होल्मडेल पार्कच्या चढउतारांच्या मार्गावर, जिथे तिची आधीची वेळ 21:38 होती, ती 20:26 मध्ये आली. 'बोल' म्हणतात त्या खड्ड्यातून वर चढताना मी दोरीपाशी उभा होतो. तिचं उजवं पाऊल आता आपटत नव्हतं. नडगी सबंध हंगामात दुखली नाही. नोव्हेंबरात फेरिटिन 34 होतं.

या सव्वा मिनिटाचं श्रेय कॅम्पला किती? मला विचाराल तर थोडंच. लोहाचा साठा भरला, आठ आठवडे सलग धावणं झालं, आणि ऑगस्टमध्ये एकदम उडी मारावी लागली नाही, या तीन गोष्टींनी बहुतेक काम केलं. पण मधली गोष्ट, ते आठ आठवडे, त्या पाच दिवसांशिवाय घडली असती असं मला वाटत नाही. एप्रिलमधली ती पुलावरची मुलगी मी पाहिली होती. 670 डॉलर सत्कारणी लागले असं माझं मत आहे. 1,387 लागले असते असं म्हणवत नाही.

भावोजींचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते रक्ततपासणी आणि शनिवारची भेट या दोन्ही गोष्टी फुकटात किंवा किरकोळ खर्चात झाल्या असत्या, कोणीतरी पुढाकार घेतला असता तर. त्यांचं म्हणणं चूक नाही. जिथे एखादी मोठी मुलगी किंवा एखादी आई असा पुढाकार घेते, तिथे कॅम्पची गरज खरोखर कमी होते.

आणि मोठ्या कॅम्पचे पैसे योग्य ठरतील अशीही घरं मी पाहिली आहेत. आमच्या संघातली एक मुलगी सोळाशे मीटर 5:02 मध्ये धावायची, त्या विद्यापीठातला विषय तिला हवाच होता, 15 जूननंतर कोचचा फोनही आला होता. ती गेली ते तिथली माणसं आणि वसतिगृह चार दिवस जवळून पाहायला, आणि परत येऊन तिने त्या कॉलेजला नकार दिला. तिच्या आई-बाबांना तो खर्च आजही वाया गेला असं वाटत नाही. याउलट जखमी मुलाला, किंवा घरच्यांनी ढकलल्याशिवाय बूट न घालणाऱ्या मुलाला, मी कुठल्याच कॅम्पला पाठवणार नाही. क्रेडिट कार्डावर उधार ठेवून तर नक्कीच नाही.

माझ्याकडून एक गोष्ट राहिली. कॅम्पनंतरचा आठवडा हलका ठेवायचा हे मी तिला सांगितलं, पण तिच्या शाळेच्या कोचला कळवलं नाही. त्या आठवड्यात कोचने टेकड्या लावल्या आणि तिला दोन दिवस पाय जड वाटले. पुढच्या वेळी कॅम्पचं वेळापत्रक आधी शाळेच्या कोचच्या हातात द्यायचं, हे लिहून ठेवलंय.

यंदा मार्चमध्ये त्या पहिल्या विद्यापीठाची ईमेल पुन्हा आली, तसेच डोंगरांचे फोटो. ताईने या वेळी मला फोन केला नाही, सरळ लेकीला दाखवली. लेकीने वाचली आणि म्हणाली, "नको आई. जुलैत शनिवारी आम्ही नऊ जणी असणार आहोत, मी गेले तर नव्या दोघींना पुलापर्यंत कोण नेणार?"